रोगाचा अंदाज पावसाच्या मिलिमीटरवरून की पानाच्या ओलीवरून? (सोयाबीन, कापूस, ज्वारी, हरभरा)

पेरणीपत्रक (लातूर)

आपल्याकडे पिकावरील रोगाची चर्चा बहुधा पर्जन्यमापकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पाऊस अधिक झाला म्हणून करपा आला, पावसाने ओढ दिली म्हणून पीक रोगापासून तरी वाचले, अशी ढोबळ विभागणी आपण सगळेच करत असतो. २०२३ च्या खरिपाने ती विभागणी मोडीत काढली. त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि तरीही सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन पिवळे पडून वाळू लागले. पिवळा मोझॅक, मूळकूज आणि खोडकूज हे तिन्ही शब्द त्या महिन्यात गावोगावी ऐकू येत होते.

माझे म्हणणे असे आहे की पानावरच्या बहुतेक बुरशींना पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याशी फारसे कर्तव्य नसते. पान सलग किती तास ओले राहिले, त्या तासांत तापमान किती होते आणि पीक तेव्हा कोणत्या अवस्थेत होते, या तीन गोष्टींवर रोग ठरतो. बीजाणू पानावर पडला की त्याला अंकुरून आत शिरण्यासाठी पाण्याचा पातळ थर काही तास टिकावा लागतो. थर मध्येच सुकला तर अंकुरलेला बीजाणूही मरतो. दोन तासांत ६० मिलिमीटर कोसळून नंतर लख्ख ऊन आणि वारा असेल, तर पान दुपारच्या आत कोरडे होते. दिवसभराच्या झडीत जेमतेम ५ मिलिमीटर पडले, आभाळ उघडले नाही आणि वाराही नसला, तर तेच पान सकाळपासून रात्रीपर्यंत ओले राहते. पर्जन्यमापकाच्या वहीत पहिला दिवस मोठा दिसतो, पण रोगाच्या दृष्टीने दुसरा दिवस मोठा असतो.

आपापल्या भागातील पिकांचा अनुभव या कसोटीवर तपासून लिहावा, अशी सर्वांना विनंती आहे. फवारणीची औषधे आणि त्यांची मात्रा हा विषय शक्यतो वेगळ्या धाग्यावर ठेवू.

कृष्णाकाठ (वाळवा, सांगली)

आमच्याकडील तांबेरा हे आपल्या म्हणण्याचे उत्तम उदाहरण आहे. सोयाबीनच्या तांबेऱ्याला साधारण १५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि पान किमान सहा तास सलग ओले लागते. ही ओल दहा-बारा तास टिकली तर लागण जोरात होते. सांगली, कोल्हापूर आणि साताऱ्याच्या काही भागांत ऑगस्टअखेरपासून हे गणित जवळजवळ रोज जुळते, कारण रात्री थंड होऊ लागतात, भोवती उसाचे दाट क्षेत्र असते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत पानावरचे दव हटत नाही. पाऊस आठवडाभर नसला तरी तांबेरा वाढताना आम्ही पाहिला आहे.

दुसरे कारण हवामानाबाहेरचे आहे. ही बुरशी जिवंत पानाशिवाय जगत नाही. बारमाही पाण्यामुळे नदीकाठच्या पट्ट्यात उन्हाळ्यातही कुठे ना कुठे सोयाबीन उभे असते, आणि तिथून पुढच्या हंगामाला बीजाणू मिळतात. लातूरच्या उन्हाळ्यात शिवारात हिरवे सोयाबीन त्या मानाने कमी असते, त्यामुळे तिथे बीजाणूंना बहुधा वाऱ्याबरोबर दुरून यावे लागते. हवामान अनुकूल असूनही एखाद्या भागात रोग का येत नाही, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्राने तांबेऱ्याला तोंड देणारे ‘फुले संगम’ आणि ‘फुले किमया’ हे वाण दिले, तेव्हापासून आमच्या भागातील धास्ती पुष्कळ ओसरली आहे. तरीही खालच्या पानांची मागची बाजू पाहण्याची सवय मोडू नये, कारण लागण झाल्यापासून पुळ्या फुटून तांबूस भुकटी दिसेपर्यंत अनुकूल तापमानातही आठवडा ते दहा दिवस जातात. आज जे दिसते ते मागच्या आठवड्याच्या हवामानाचे फळ असते.

बांधावरची (औसा)

एक शंका आहे. आम्हाला कायम सांगितले जाते की ढगाळ हवामानात रोग वाढतो. कृष्णाकाठदादा तर दवाविषयी लिहीत आहेत, आणि दव पडते ते आभाळ निरभ्र असलेल्या रात्री. मग ढग वाईट की उघडीप वाईट?

निदान (परभणी)

ताई, दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत, कारण ओल दोन मार्गांनी येते आणि दोन मार्गांनी टिकते.

निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्याला लागून असलेली हवा दव जमण्याच्या तापमानाखाली गेली की पानावर पाणी जमते. म्हणूनच हवेची आर्द्रता शंभर टक्के नसतानाही पान ओले सापडते. ढगाळ रात्री ढग ही उष्णता अडवून धरतात, पान तितके थंड होत नाही आणि दव कमी पडते किंवा पडतच नाही. पण ढगाळ दिवशी पावसाने किंवा दवाने आलेली ओल वाळत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या झडीत ढग घातक ठरतात, आणि परतीच्या पावसानंतर जमीन ओली असताना रात्री निरभ्र होऊ लागल्या की उघडीप घातक ठरते. सर्वांत वाईट म्हणजे रात्री भरपूर दव आणि सकाळी धुई, कारण तेव्हा दव पडण्याची वेळ आणि न वाळण्याची वेळ एकमेकींना जोडली जाते.

भुरी मात्र या नियमाला अपवाद आहे. तिला दमट हवा आवडते, पण पानावर साचलेले पाणी तिला अपायच करते. म्हणून कोरड्या दिवसांत थंड, दमट रात्री आल्या की भुरी वाढते आणि मोठ्या सरीने ती मागे हटते.

तासांवर आधारित अंदाजाची कल्पना काही नवी नाही. ब्रिटनमध्ये बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्यासाठी १९५६ मध्ये असा निकष मांडला गेला होता: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा त्याहून अधिक आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास ९० टक्के आर्द्रता. २०१७ मध्ये नव्या अभ्यासानंतर हा ११ तासांचा आकडा ६ वर आणला गेला. या निकषात पावसाचा एकही मिलिमीटर नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वऱ्हाडी कापूस (अकोट)

कापसात हे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. दहिया हा रोग दवाच्या हिशेबात नेमका बसतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तापमान २० ते ३० अंश, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि सकाळी धुई असली की पानाच्या मागे शिरांनी बांधलेले पांढरे कोनाकृती ठिपके दिसू लागतात. पूर्वी देशी कापसावर तो अधिक असे, आता संकरित वाणांवरही सर्रास दिसतो.

बोंडसडीचे मात्र निराळे आहे. आतून सडलेले बोंड बाहेरून हिरवे आणि निरोगी दिसते, पण फोडल्यावर रुई पिवळसर किंवा तपकिरी झालेली असते. पात्या-फुले ते बोंडे भरण्याच्या काळात सततचा पाऊस आणि ढगाळ हवामान असले, आणि त्यातच रस शोषणाऱ्या ढेकणांनी बोंडांना भोके पाडली, तर जिवाणू आणि बुरशी त्या वाटेने आत शिरतात. इथे पानाची ओल मोजून काय उपयोग? पाऊस आणि कीड यांची सांगड पाहावी लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे जो रोगच नाही असा ‘रोग’. पावसाचा मोठा खंड पडतो, मग एका रात्रीत शेत तुंबते, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडते आणि बोंडांनी लगडलेली झाडे एकाएकी माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. मुळांना हवा मिळत नाही म्हणून झाड पाणी ओढू शकत नाही. यात बुरशीचा संबंध नसतो, आणि तरीही त्या दिवशी कृषी सेवा केंद्रावर बुरशीनाशकासाठी रांग लागते. साचलेले पाणी चर काढून बाहेर काढणे आणि वाफसा (जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची स्थिती) लवकर आणणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे, आणि तोही पहिल्या काही तासांत केला तरच उपयोगी पडतो.

पेरणीपत्रक (लातूर)

सोयाबीनमध्येही अशीच गल्लत होते. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की मुळांना लोह उचलता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग एकसारखा फिकट होतो. पिवळ्या मोझॅकमध्ये हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात आणि रोगट झाडे शेतात सुरुवातीला विखुरलेली दिसतात. पहिला प्रकार वाफसा आल्यावर बराचसा आपोआप सावरतो, दुसरा सावरत नाही. एकाचे कारण जास्तीचा पाऊस आहे, तर दुसऱ्याला पावसातील खंड पोषक ठरतो, कारण जोराच्या सरी थांबल्या की पांढऱ्या माशीची संख्या वाढते आणि विषाणू तीच पसरवते. दोन्हींना ‘पिवळे पडले’ एवढेच म्हटले तर औषध चुकते.

काळीभोर (मंगळवेढा)

धाग्याचे शीर्षक वाचूनच मी थबकलो, कारण आमच्या रब्बी ज्वारीला यातले काहीच लागू पडत नाही. आमच्या पिकाला पाऊस जवळजवळ मिळतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर पेरायचे आणि त्याच ओलीवर जानेवारी-फेब्रुवारीत काढायचे. पान ओले राहण्याचा प्रश्नच नाही, तरीही खडखड्याने उभे पीक झोपते.

खडखड्या कधी येतो ते सांगतो. कणीस निसवून दाणे भरू लागले की ताटाचा सगळा जोर कणसाकडे जातो. नेमकी त्याच वेळी जमिनीतील ओल संपते आणि दुपारचे ऊन तापू लागते. मातीत आधीपासून असलेली बुरशी मुळातून खालच्या पेऱ्यांत चढते आणि आतला गर खाऊन टाकते. ताट चिरले तर आत नुसते सुटे धागे उरलेले असतात आणि त्यांवर कोळशाच्या पुडीसारखे बारीक काळे कण दिसतात. जरा वारा आला की ताटे आडवी. दाणा बारीक राहतो आणि कडबाही हलका पडतो, आणि आमच्याकडे कडब्याचे नुकसान दाण्याहून कमी मानले जात नाही.

हलक्या जमिनीत, दाट पेरलेल्या आणि युरिया जास्त दिलेल्या रानात तो अधिक येतो, कारण सुरुवातीला पालेदार वाढलेले पीक ओल लवकर पिऊन टाकते. दाणे भरताना एक जरी संरक्षित पाणी देता आले, तरी फरक डोळ्यांना दिसतो. थोडक्यात, आमचा रोग कोरडेपणाचा आहे. तुमच्या ओल्या तासांच्या सिद्धांतात त्याला जागा कुठे आहे?

निदान (परभणी)

काका, आपला आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याने मूळ मांडणीत आवश्यक दुरुस्ती होते. रोगांचे दोन गट वेगळे पाहायला हवेत. पहिल्या गटात हवामान बुरशीला बळ देते: तांबेरा, भुईमुगावरील टिक्का, दहिया, शेंगांवरील करपा. दुसऱ्या गटात हवामान झाडाला दुबळे करते आणि जमिनीत वाट पाहत असलेली बुरशी त्याचा फायदा घेते. खडखड्या हा दुसऱ्या गटातील ठळक रोग आहे.

विशेष म्हणजे मंगळवेढ्याच्या ज्वारीतला खडखड्या, सोयाबीनमधील कोळशासारखी काळी पडणारी खोडकूज आणि हरभऱ्यातील कोरडी मूळकूज हे एकाच बुरशीचे प्रताप आहेत. तिचे नाव मॅक्रोफोमिना. तिला ३० ते ३५ अंशांची तापलेली आणि कोरडी जमीन मानवते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील अभ्यासांत हरभऱ्याच्या कोरड्या मूळकुजीचे प्रमाण वाढण्याचा संबंध फुलोऱ्यानंतरच्या वाढत्या तापमानाशी आणि पाण्याच्या ताणाशी जोडला गेला आहे. ती शेकडो पिकांवर जगते, त्यामुळे नुसत्या फेरपालटाने तिचा बंदोबस्त होत नाही. सोयाबीननंतर हरभरा घेणाऱ्याने तर हे मनाशी पक्के धरावे.

आता २०२३ कडे पुन्हा पाहू. त्या वर्षी जुलैमध्ये अनेक ठिकाणी भरपूर पाऊस झाला आणि मग ऑगस्टमध्ये प्रदीर्घ खंड पडला. ओल्या जमिनीत मुळे वरच्या थरातच राहतात, खोल जाण्याची त्यांना गरजच पडत नाही. मग पाणी तुटले की हीच उथळ मुळे सर्वांत आधी उपाशी पडतात. त्यामुळे एकूण पाऊस किती, यापेक्षा कोणत्या क्रमाने किती, हे अधिक बोलके असते. आधी खंड आणि नंतर पाऊस असता, तर त्याच बेरजेतून निराळे रोग दिसले असते.

विस्कॉन्सिनकर

मी इथे मक्याच्या आणि सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, म्हणून थोडी भर घालतो. इथल्या विद्यापीठाने सोयाबीनवरील पांढऱ्या बुरशीसाठी आणि मक्यावरील ‘टार स्पॉट’ या डांबरासारखे काळे ठिपके पाडणाऱ्या रोगासाठी मोबाइलवर चालणारे अंदाज बनवले आहेत. टार स्पॉट अमेरिकेत प्रथम २०१५ मध्ये इलिनॉय आणि इंडियाना राज्यांत आढळला, आणि थंड, ओलसर उन्हाळा त्याला मानवतो. या अंदाजांतील एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. हवामानाचा आकडा दाखवण्याआधी ते पिकाविषयी प्रश्न विचारतात. सोयाबीन फुलोऱ्यात आहे का, आणि ओळी एकमेकींना भिडल्या आहेत का? उत्तर नकारार्थी असेल, तर हवामान कितीही अनुकूल असले तरी फवारणीचा सल्ला मिळत नाही. पांढरी बुरशी मुख्यतः गळणाऱ्या फुलांवाटे झाडात शिरते, त्यामुळे फुले नसतील तर तिला दारच नसते.

दुसरे असे की हे अंदाज एका दिवसाचे हवामान पाहत नाहीत, तर मागच्या ३० दिवसांची सरासरी घेतात. एका रात्रीच्या पावसाने घाबरून फवारा उचलण्याची सवय त्यामुळे आपोआप सुटते.

वऱ्हाडी कापूस (अकोट)

हे सगळे तिथे ठीक आहे. आमच्याकडे आकडे आणायचे कुठून? महावेधचे स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळात एक असते. ते मोकळ्या जागेत उभे असते आणि माझे शेत तिथून कित्येक किलोमीटर लांब, नाल्याच्या काठी आहे. तिथली आर्द्रता माझ्या पऱ्हाटीच्या पोटात कशी लागू होईल?

निदान (परभणी)

ती जशीच्या तशी लागू होत नाही, हे खरे आहे. पण महाराष्ट्रभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे असणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि भागाचा कल त्यावरून कळतो. केंद्राची आर्द्रता ही पायरी समजावी आणि शेतातील फरक स्वतः जोडावा. ओळी भिडल्यावर पिकाच्या पोटातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट राहते आणि तिथे वारा पोहोचत नाही, म्हणून खालची पाने वरच्यांपेक्षा उशिरा वाळतात. नाल्याकाठी आणि सखल भागात रात्री थंड हवा उतरून साचते, त्यामुळे तिथे दव आधी पडते आणि उशिरा जाते. दाट झाडांच्या पश्चिमेला असलेल्या पिकाच्या ओळींवर सकाळचे ऊन उशिरा येते.

उपकरणाशिवाय करता येण्यासारखी एक नोंद आहे. सकाळी आठ, नऊ, दहा आणि अकरा वाजता पिकाच्या मध्यावरील आणि खालच्या पानांना हात लावून ओल पाहावी, आणि पान कोरडे झाल्याची वेळ तारखेसमोर लिहावी. आठवडाभर पाने दहानंतरच कोरडी होत असतील आणि पीक फुलोऱ्यापुढे गेले असेल, तर मंडळाच्या केंद्राचा आकडा काहीही सांगो, शेत धोक्यात आहे.

क्रॉपसॅप या, पिकांवरील कीड-रोगांची पाहणी करून सल्ला देणाऱ्या राज्याच्या प्रकल्पाचे सर्वेक्षणही याच्या जोडीला ठेवावे. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून हा प्रकल्प सुरू झाला. हवामान धोका सांगते आणि सर्वेक्षण तो प्रत्यक्षात आला की नाही ते सांगते. एकट्या हवामानावर फवारणी करणे मला पटत नाही.

कृष्णाकाठ (वाळवा, सांगली)

मला इथे थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. तांबेऱ्यात पुळ्या दिसेपर्यंत थांबलो, तर मधल्या आठवड्यात झालेली लागण औषधाच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. ज्या भागात रोग दरवर्षी येतो तिथे हवामान जुळताच हालचाल करावी, आणि जिथे तो क्वचित येतो तिथे सर्वेक्षणाची वाट पाहावी, असा फरक ठेवायला हवा.

निदान (परभणी)

हा फरक मान्य आहे. माझे विधान मराठवाडा समोर ठेवून केलेले होते.

बांधावरची (औसा)

हे सगळे वाचल्यावर वाणाच्या कालावधीविषयी विचारावेसे वाटते. नव्वद दिवसांत येणारे सोयाबीन घ्यावे की शंभर-एकशे पाच दिवसांचे? आमची निम्मी जमीन भारी आहे आणि निम्मी माळाची.

काळीभोर (मंगळवेढा)

ताई, कालावधीचा प्रश्न किती मोठा आहे ते खरीप ज्वारीला विचारावे. जुने उंच वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच निसवत, त्यामुळे दाणा पक्व होईपर्यंत पाऊस सरलेला असे. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा संकरित वाण आला आणि त्याच्या मागून लवकर येणाऱ्या वाणांची रांगच लागली. उत्पादन वाढले, पण दाणा भरण्याची वेळ सप्टेंबरच्या पावसात सापडू लागली आणि काळी पडलेली, बुरशीची ज्वारी बाजारात कोणी घेईना. मराठवाडा-विदर्भातून खरीप ज्वारी मागे हटली आणि सोयाबीनला रान मोकळे झाले, त्यामागच्या कारणांत ही काळी ज्वारीही आहे.

निदान (परभणी)

काकांनी नेमके उदाहरण दिले. ताई, आपल्या दोन जमिनींना दोन उत्तरे आहेत. माळाच्या हलक्या रानात लांब कालावधीचा वाण घेतला तर शेंगा भरताना ओल संपते आणि मॅक्रोफोमिनाला वाट मिळते, म्हणून तिथे लवकर येणारा वाण बरा. भारी जमिनीत ओल टिकते, पण लवकर येणारे पीक सप्टेंबरअखेरच्या पावसात पक्व झाले तर शेंगांवर करपा येतो, दाणे डागाळतात आणि कधी शेंगेतच मोड फुटतात, म्हणून तिथे थोडा उशिराचा वाण सुरक्षित ठरतो. भारी रानात रुंद वरंबा सरीवर पेरणी केली तर पाणीही निघून जाते आणि सऱ्यांतून हवा खेळती राहिल्याने पाने लवकर वाळतात.

बियाणे मात्र ज्या तुकड्यातील शेंगा पावसाशिवाय वाळल्या, त्यातूनच राखावे. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. त्याहून थोडे कमी उगवले तर तेवढ्या प्रमाणात बियाण्याचे प्रमाण वाढवावे, आणि साठच्याही खाली गेले तर ते बियाणे पेरू नये.